थेंब न थांबणारं अंगण

मुकादमबाईंच्या अंगणात पाण्याचा थेंब थांबत नाही, ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, कारण मुकादमबाई ती सगळ्या गल्लीला सांगत. कोणी विचारायची वाट बघत नसत.

मोठ्या दवाखान्यात सफाईच्या कामावर त्या लागल्या तेव्हा त्यांची वेणी कमरेपर्यंत होती. निवृत्त झाल्या तेव्हा अंबाडा सुपारीएवढा उरला होता. मधल्या वर्षांत त्या मुकादम झाल्या आणि लांबच लांब वॉर्ड, जिने, ऑपरेशनच्या खोल्या त्यांच्या नजरेखालून लख्ख होऊ लागल्या. त्यांचा एकच नियम असे: आधी सुकं, मग ओलं. आधी कोरडा कचरा कोरड्या फडक्यानं टिपायचा, सुपलीत घ्यायचा, पिशवीत बांधायचा. पाण्याची बादली त्यानंतर. नवीन आलेल्या एखाद्या बाईनं धुळीवर थेट पाणी ओतलं की मुकादमबाई लांबूनच म्हणत, "अगं, पुसायला आलीस की चिखल कालवायला?"

नवरा गवंडी. बोलायला कमी आणि कामाला चोख. बायको मुकादम झाली त्या वर्षी त्यानं घरापुढच्या अंगणात सिमेंटचा कोबा केला. म्हणाला, "दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या वाळवतेस. घरची फरशी तरी आपली आपण वाळू दे." मग असा काही उतार काढला, की दारात तांब्याभर पाणी ओतलं तर ते कुठेही न रेंगाळता, वळणानं, फाटकाजवळच्या डाव्या कोपऱ्यात जायचं आणि भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या गटारात. उतार दाखवायला तो काचेची एक हिरवी गोटी वापरी. उंबऱ्यापाशी गोटी ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. गोटी जरा विचार केल्यासारखी थांबे, मग निघे आणि कोपऱ्यात जाऊनच दम घेई. घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी हा खेळ बघावा लागे.

नवरा गेला. गोटी राहिली, देवाच्या फोटोशेजारी एका डबीत. मुकादमबाई रोज सकाळी देवापुढे हात जोडत, मग झाडू घेत, मग बादली. अंगण आरशासारखं होई. तिथे मुंगी आली तरी तिला पाय पुसून यावंसं वाटलं असतं.

मुलगा रुग्णवाहिका चालवतो, सून औषधांच्या दुकानात असते. त्यांची मुलगी बिट्टी, चौथीतली. त्या वर्षी तिची शाळा बदलली होती आणि नव्या शाळेत अजून कोणी तिला आपल्याबरोबर डबा खायला बोलावत नव्हतं.

एक दिवस संध्याकाळी वेणी घालताना मुकादमबाईंच्या लक्षात आलं, की पोरीची मान आज नेहमीसारखी इकडेतिकडे वळत नाहीये.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्याचंच जास्त असतं. बोल."

मग ते बाहेर आलं. वर्गात बाईंनी विचारलं होतं, कोणाच्या घरी, अंगणात, गच्चीत कोणते जीव राहतात? एकाकडे खारी होत्या, एकीकडे सुगरणीचं घरटं होतं. बिट्टीची पाळी आली. आपल्याकडे काही नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, आमच्या अंगणात बेडूक आहे. आणि फुलपाखरं. आणि त्यांची पिल्लंसुद्धा. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. पहिल्यांदाच वळला. आणि बाई म्हणाल्या, अरे वा, मग सहामाहीच्या आधी आपण सगळेच जाऊ या बघायला!

मुकादमबाईंचा हात वेणीत तसाच राहिला. "आपल्या अंगणात? बेडूक?"

बिट्टी रडायला लागली.

"गप. रडून बेडूक येत नसतो." त्यांनी वेणीला रिबन बांधली, जरा घट्टच. "थाप मारलीस ना? मग आता एकच उपाय. ती खरी करायची. आणि नाहीच झाली, तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी खोटं बोलले म्हणून. कबूल?"

बिट्टीनं नाक पुसत मान हलवली. त्या वेळी दोघींनाही ते सोपं वाटलं होतं.

शेजारच्या शिंपीणबाईंची जुळी मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, सगळी गल्ली त्यांना जोडगोळी म्हणे, ती बिट्टीच्या मदतीला धावली. धावायला त्यांना कारण कधीच लागत नसे. तिघांनी शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि ओट्यावर बसून मुकादमबाईंना वाचून दाखवलं. जीवांना काय लागतं? माती लागते. साठलेलं पाणी लागतं. लपायला दगडधोंडे, पाला. खायला झाडं.

मुकादमबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. जन्मभर ज्याच्याशी भांडल्या, तेच सगळं एकेक करून घरात मागवायचं होतं. त्यात माती हवी म्हणजे कोबा फोडायला हवा.

रात्रीचं जेवण चालू असताना मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा कोबा आहे तो. कुंड्या ठेवू की चार."

"कुंडीत बेडूक राहतो का?" बिट्टी म्हणाली.

"तू जरा गप्प बस. तुझ्यामुळेच चाललंय हे सगळं."

"तिला बोलू नकोस," मुकादमबाई म्हणाल्या. "आणि कोबा कोणाचा ते मला शिकवू नकोस. त्याच्यावर सात दिवस पाणी कोणी मारलं होतं? तू तेव्हा त्याच्यावर रांगायला बघत होतास."

असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी देवापुढे हात जोडून झाल्यावर त्यांनी झाडू उचलला नाही. डबीतली गोटी घेऊन उंबऱ्यावर बसल्या. गोटी सोडली. ती जरा थांबली, निघाली, वळणानं गेली आणि कोपऱ्यात थांबली. मुकादमबाई बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. देव सुचवतो ते असंच, सकाळच्या निवांतपणात आणि फार गाजावाजा न करता. त्यांनी बिट्टीला हाक मारली.

"सगळं अंगण फोडायचं नाही. गोटी जिथे थांबते ना, तेवढाच कोपरा. पाणी तिथेच येतं सगळं. तुझ्या आजोबांनी वाट आधीच करून ठेवलीय. आपण ते पाणी गटारात घालवत होतो, इतकंच."

नवऱ्याची छिन्नी आणि हातोडा माळ्यावरून खाली आले. पहिला घाव मुकादमबाईंनीच घातला. छिन्नी टणकन उडाली, कोब्याला ओरखडासुद्धा उठला नाही.

"ह्यांचं हे असंच," त्या म्हणाल्या. "जिवंत होते तेव्हाही पहिल्या सांगण्यात कधी ऐकलं नाही."

शेवटी मुलगाच सुट्टीच्या दिवशी बाह्या सरसावून बसला. बापाची छिन्नी हातात आल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला. घाम पुसत म्हणाला, "काय माल वापरलाय बाबांनी! दवाखान्याची भिंत पडेल, हा फुटायचा नाही." आणि मुकादमबाईंची मान अशी ताठ झाली, की कोबा फुटत नाही याचं दुःख करावं की कौतुक, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

कोपरा मोकळा झाला. खालची माती काळी निघाली. गटाराकडचं भोक बुजवलं. कपडे भिजवायचं एक जुनं पसरट घमेलं मातीत काठापर्यंत पुरलं, त्यात आतून बाहेरून उतरायला दगड लावले, म्हणजे पाण्यात पडलेला जीव वर येऊ शकेल. फुटलेल्या कोब्याच्या ढलप्यांचा, मध्ये फटी ठेवून, एक ढीग रचला. सुनेनं रोपवाटिकेतून कमरेएवढं लिंबाचं झाड आणलं. जोडगोळीनं कुठून कुठून रानफुलांची रोपं उपटून आणली. त्यांतली निम्मी कोणाच्या तरी बागेतली असावीत, पण ते विचारायचं नाही असं ठरलं. अंगण धुताना मुकादमबाईंनी फिनेल आणि साबण बंद केला. आता नुसतं पाणी. तरी कित्येक दिवस त्यांना अंगण अर्धवट अंघोळ केल्यासारखं वाटे.

सगळ्यात अवघड होता पाल्याचा ढीग. पुस्तकात लिहिलं होतं, वाळका पाला उचलू नये, त्यात किडे राहतात. मुकादमबाईंनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. छापण्यात चूक झाली असेल, असं त्यांना वाटलं.

रोज सकाळी झाडू कोपऱ्यापर्यंत जाई आणि थांबे. हात शिवशिवत. फाटकातून शिंपीणबाई बघत असत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यानं त्यांचं बोलणंही जरा टोचरंच.

"मुकादमबाई, झाडू हरवला का हो?"

"हरवला नाही. त्याला सुट्टी दिलीय."

"नाही, म्हटलं एवढं नाव तुमचं. येणारेजाणारे बघतात. मागे तुम्हीच मला म्हणाला होता, तुमच्या दारात दोऱ्याचे तुकडे असतात."

"अजूनही असतात," मुकादमबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन पाणी प्यायल्या. ते बोलणं लागलं होतं. चाळीस वर्षांचं नाव होतं ते. दवाखान्यातले मोठमोठे डॉक्टर त्यांच्या फरशीवर बूट घालून चालायला बिचकत, आणि आज एक शिंपीण त्यांना केर दाखवत होती. पण बिट्टीला त्या काही बोलल्या नाहीत.

हळूहळू एकेक पाहुणा आला. ढलप्यांच्या फटीत एक चकचकीत सापसुरळी राहायला आली. तिला बघून सून ओरडली आणि सुनेला बघून सापसुरळी पळाली. बुलबुलाची जोडी घमेल्याच्या काठावर बसून अंघोळ करू लागली. चतुर यायचे, शेपूट पाण्यावर टेकवून जायचे. बेडूक मात्र येईना. मुलं रोज संध्याकाळी घमेल्यापाशी वाकत आणि तोंडं पाडून उठत.

मग एक दिवस लिंबाच्या झाडाशी तिघांची कुजबूज सुरू झाली. मुकादमबाई जवळ गेल्या की कुजबूज बंद.

"काय शिजतंय?"

"काही नाही आजी. तुला त्याच दिवशी दाखवणार. सगळ्यांबरोबर."

"मला आणि सगळ्यांबरोबर? घर कोणाचं आहे?"

"गंमत आहे आजी! सांगितली तर गंमत कसली?"

मुकादमबाईंनी मान उडवली. पण आत कुठेतरी त्यांना बरं वाटलं. पोरगी हसत होती.

वर्ग यायच्या आदल्या दिवशी मुलं शाळेत होती, सून आणि मुलगा कामावर. मुकादमबाईंनी पदर खोचला. पाहुणे येणार म्हणजे घर दिसलं पाहिजे. कोब्याचा भाग त्यांनी असा काही धुतला, की त्यात ढग दिसू लागले. पाल्याला शब्द दिला होता, त्याला हात लावला नाही. मग त्यांची नजर लिंबाच्या झाडावर गेली.

प्रत्येक फांदीवर, कोवळ्या पानांवर, पक्ष्यांची शिट! काळपट, वर पांढरे डाग. बुलबुलांनी अंघोळीचं भाडं दिलेलं दिसतंय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. शाळेच्या बाई येणार, एवढी मुलं येणार, आणि दारातल्या झाडाची ही दशा? त्यांनी कोरडं फडकं घेतलं. आधी सुकं. एकेक पान तळहातावर घेऊन त्यांनी अलगद टिपलं, सगळं सुपलीत झटकलं, सुपली कागदी पिशवीत रिकामी केली, पिशवीचं तोंड दुमडलं. मग ओलं फडकं. पानं अशी चमकली, की जणू झाड आत्ताच दुकानातून आणलंय. मुकादमबाईंनी कमरेवर हात ठेवून चहूबाजूंनी बघितलं आणि त्यांना फार दिवसांनी आपल्या कामावर आल्यासारखं वाटलं.

मुलं आली. दप्तरं टाकून थेट झाडाकडे गेली. आणि जोडगोळी एकदम गप्प झाली, जी झोपेतही गप्प नसे.

"आजी," बिट्टीचा आवाज कसानुसा झाला होता. "पानांवरचं कुठे गेलं?"

"पुसलं की! केवढी शिट झाली होती. बघ आता कसं..."

"ती शिट नव्हती!"

"मग काय होतं?"

"फुलपाखरांची पिल्लं होती! सुरवंट! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ते शिटेसारखे दिसतात. तीच तर गंमत होती!" आणि बिट्टी मटकन खाली बसली. "बेडूक नाहीच आला. ती तरी होती. तेवढंच तरी खरं होतं."

मुकादमबाईंनी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, वरच्यांची, खालच्यांची. पण एकही बोलणं इतकं लागलं नव्हतं. त्या ओल्या फडक्याकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले.

"थांबा. ओलं नंतर केलं मी. आधी सुकं केलं! पिशवी कुठाय? कोणी टाकली नाही ना? वर्तमानपत्र आण, पळ. आणि तू, तुझ्या चित्रांचा ब्रश आण, सगळ्यात मऊ. बोट लावायचं नाही कोणी."

पिशवी ओट्यावर, कागदावर, हलक्या हातानं पालथी केली. केर, वाळकी पानं, आणि त्यात काळेपांढरे ठिपके. काही सुरवंट होते, काही खरोखरच बुलबुलांची देणगी. चौघं त्याच्यावर डोकी जोडून बसली.

"हा?"

"ही शिट आहे."

"हा?"

"थांब, श्वास सोडू नकोस. हलला! हलला!"

"हा मेलाय का आजी?"

"मेला नाही, रुसलाय. ठेव पानावर, जरा वेळ दे."

दवाखान्यात बेडखाली पडलेली सुई लांबून दिसणारे ते डोळे आज पहिल्यांदा केरातून जीव वेचत होते. मुकादमबाईंनी ब्रशच्या टोकावर एकेकाला असं उचललं, की जणू नुकतं जन्मलेलं मूल दायीकडून घेतायत. मधूनच पुटपुटत, "देवा, एवढं सांभाळ. माझ्या हाताचा गुण जाऊ दे, पोरीचं तोंड राहू दे." काही सुरवंट खरंच गेले होते. पण बरेचसे पानावर ठेवताच थोडा वेळ पडून राहिले आणि मग पान कुरतडू लागले. शेवटचा लावून झाला तेव्हा बिट्टी आजीच्या खांद्याला टेकून बसली. मुकादमबाईंनी ओलं फडकं धुतलं, वाळत घातलं, आणि म्हणाल्या, "उद्यापासून झाडाला हात लावायचा झाला तर मी तुम्हाला विचारीन."

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर सगळा वर्ग उभा. दोन-दोनच्या रांगा, पुढे बाई. शिंपीणबाई टाचण्या तोंडात ठेवूनच बाहेर आल्या. रांगेतल्या एका गोलमटोल मुलानं फाटकातूनच विचारलं, "बेडूक कुठाय?"

सगळे बिट्टीकडे वळले, त्या दिवशी वर्गात वळले होते तसेच. मुकादमबाई दारात उभ्या होत्या. पुढे होऊन काही बोलावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. कबूल तिनं केलं होतं.

बिट्टीनं फ्रॉकची कड मुठीत धरली. "बेडूक नाहीये. मी थाप मारली होती. तेव्हा आमच्याकडे काहीच नव्हतं, नुसता कोबा होता. मग आम्ही हे केलं."

मग तो गोलमटोल मुलगा म्हणाला, "म्हणजे फुलपाखराची पिल्लं पण थापच?"

"ती बघ," बिट्टीनं लिंबाकडे बोट दाखवलं.

पोरं वाकली. "ई! ही तर शिट आहे!"

"हात नको लावूस. फक्त बघत राहा."

सगळी बघत राहिली. आणि त्यातल्या एका शिटेनं मान उचलली, पानाची कड धरली आणि खायला सुरुवात केली. जो काही ओरडा झाला, त्यानं बुलबुल पुढच्या गल्लीत गेले असतील. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. रांगा मोडल्या. जिकडेतिकडे पोरं, ढलप्यांपाशी, घमेल्यापाशी, पाल्यापाशी, आणि जोडगोळी मालकासारखी मधून हिंडत सगळ्यांना दटावत होती.

"मलाही शिटच वाटली होती," मुकादमबाई दारातून मोठ्यानं म्हणाल्या. "काल सगळी पुसून केरात भरली. या तिघांनी केरातून वेचून परत लावलीत." हे सांगताना त्यांना लाज वाटायला हवी होती. पण आवाजात जे होतं, ते लाजेसारखं मुळीच नव्हतं.

"आणि पाणी रोज कोण भरतं?" बाईंनी विचारलं.

मुकादमबाई आत गेल्या आणि एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात डबी घेऊन आल्या. "बाजूला व्हा रे सगळे. मधली वाट सोडा."

तांब्या उंबऱ्यावर ओतला. पाणी कुठेही न रेंगाळता, वळणानं, फुटलेल्या कडेपाशी गेलं आणि घमेल्यात उतरलं. वाटेत थेंब थांबला नाही.

"हिच्या आजोबांनी काढलाय हा उतार," त्या म्हणाल्या. "घे गं बिट्टी, तू दाखव."

बिट्टीनं हिरवी गोटी उंबऱ्यापाशी ठेवली आणि हात काढून घेतला. गोटी जरा थांबली. सगळा वर्गही थांबला. मग ती निघाली, पोरांच्या पायांमधल्या वाटेनं, ओल्या कोब्यावरून, आणि कडेवरून डुबुक करून पाण्यात पडली.

"परत! परत!" पोरं ओरडली. गोलमटोल मुलानं बाही वर करून घमेल्यात हात घातला आणि गोटी काढून बिट्टीच्या हातात दिली. "आता मी ठेवू का? तुझ्याशेजारी उभा राहून?"

वर्ग गेल्यावर मुकादमबाईंनी झाडू घेतला. पोरांच्या पायांची माती कोब्यावरून काढत काढत कोपऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. आज हात शिवशिवले नाहीत. फाटकापाशी शिंपीणबाई उभ्या होत्या. टाचण्या त्यांनी हातात घेतल्या होत्या, त्यावरून बोलणं कामाचं असावं.

"मुकादमबाई, तुमच्या ह्यांची ती छिन्नी... आमची दोघं जीव खातायत हो माझा. आमच्याही दारात एक कोपरा..."

"देते की," मुकादमबाई म्हणाल्या. "पण आधी गोटी सोडून बघा. पाणी कुठे जातं ते कळल्याशिवाय घाव घालू नका."

"आमच्या दारात गोटी कुठली सरळ जायला? ज्यानं केलं त्यानं नुसतं सिमेंट ओतलं आणि गेला."

मुकादमबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, गोटी पदरानं कोरडी केली आणि फाटक उघडलं. "चला, बघू तरी. प्रत्येकाला ह्यांच्यासारखा गवंडी थोडाच मिळतो!"